हिराबाईंचा शब्द

दहा वर्षं रोजनिशी लिहितोय. त्यात माझं थोडं, आमच्या इंग्रजी मंडळाचंच जास्त साठलंय. पंचवटीतल्या वाचनालयाच्या ओट्यावर दर मंगळवारी आम्ही तिघं जमतो : भाजीवाले बाळूभाऊ, गुलाबाची शेती करणाऱ्या हिराबाई आणि मी. शिकवतात मनमाडहून रिटायर झालेले रेल्वे गार्ड, आमचे सर. पैसे घेत नाहीत. पाळीपाळीने एकाने शब्द आणायचा, सरांनी अर्थ सांगायचा, आठवडाभरात सगळ्यांनी वापरून यायचं.

माझ्या पाळीला मी 'पर्स्वेसिव्हली' नेला.

"ऐकणाऱ्याला मनापासून पटेल असं," सर म्हणाले. "मूळ लॅटिन. खूप मागे गेलं तर 'स्वीट'शी नातं निघतं. 'कन्व्हिन्सिंगली'चं मूळ जिंकण्यात, तिथे समोरचा हरतो. इथे त्याला गोड लागतं."

*

बाळूभाऊंनी तो दुसऱ्याच दिवशी वापरला. "घ्या ताई, लय गोड कारली."

"मग नकोत. आमच्या ह्यांना शुगर आहे."

*

मी बायकोला सकाळी फिरायला येण्याबद्दल पाच मुद्दे लिहून वाचून दाखवले.

"पाचवा परत वाचा."

वाचला.

"छान. या जाऊन."

*

पुढच्या मंगळवारी माझं लक्ष गेलं. सर डिक्शनरीत बघून अर्थ सांगत होते, पण पुस्तक उलटं होतं. सगळं पाठ होतं त्यांना. विचारल्यावर कळलं : दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ऑपरेशनला साफ नकार.

बाळूभाऊ म्हणाले, "सर, वीस मिनिटांचं काम हाय."

"मग तुम्ही करून घ्या."

मी डॉक्टरांकडून माहिती काढून सात मुद्दे नेले. सरांनी शांतपणे ऐकले. "सगळे बरोबर आहेत. मी जाणार नाही."

घरी येऊन लिहिलं : सरांची नजर गेली तर आपलं काय? मग ते खोडलं. लिहिलं : सरांचं काय?

*

त्यानंतरची पाळी हिराबाईंची. त्या वही छातीशी धरून बसल्या.

"बोला हिराबाई, शब्द?"

"आणलाय. पण हा तुम्हाला पाठ नसंल. बघूनच सांगावा लागंल."

"मला पाठ नाही? कुठला?"

"ऑपरेशन झाल्यावर सांगते."

सर हसले. पुढच्या मंगळवारी त्यांनी विचारलं, "निदान पहिलं अक्षर?" त्याच्या पुढच्या मंगळवारी त्यांनी बाळूभाऊंना बाजूला घेऊन विचारलं.

चौथ्या मंगळवारी सर आलेच नाहीत.

*

आले ते महिन्याभराने. काळा चष्मा काढला, डिक्शनरी सुलट धरली, भिंगाशिवाय एक ओळ वाचून दाखवली. बाळूभाऊंनी डोळे पुसले.

"हं, हिराबाई. आता काढा तुमचा शब्द."

हिराबाईंनी वही उघडून त्यांच्यापुढे धरली. सरांनी पान जवळून पाहिलं, लांबून पाहिलं.

"इथे काहीच लिहिलेलं नाही."

"दिसतंय ना नीट?" हिराबाई म्हणाल्या.