चाचांची राणीमाशी
मेणाचा वास आला की नल्लकुंट्याची आमची गच्ची आठवते. तिथल्या माझ्या मधमाश्यांच्या पेटीतली म्हातारी राणीमाशी काढल्यावर, हे काम शिकवणाऱ्या शेजारच्या चाचांनी आपल्या सर्वांत चांगल्या पेटीतून तयार केलेली तरुण राणी जाळीच्या डबीतून आणून दिली. "तीन दिन नक्को खोलो बेटा, मक्ख्यांकू उसकी बू पहचानने दो." मला धीर निघाला नाही. संध्याकाळीच डबी उघडली. माश्यांनी राणीला गराडा घालून मारून टाकलं. चाचांना मी सांगितलं, "राणीच कमजोर निघाली." ते ओशाळून म्हणाले, "मेरीच गलती है बेटा." आपल्या त्या सर्वांत चांगल्या पेटीतून त्यांनी पुन्हा कधीच राणी तयार केली नाही. आता मी हे काम लोकांना शिकवतो. कुणी चाचांबद्दल विचारलं की विषय बदलतो.