बुडालेल्या गावाची सभा

हार्टवेलच्या शाळेत वर्ना क्रॅन्डलबाई एकतीस वर्षं आठवीला इतिहास शिकवत आल्या होत्या. त्या एकतीस वर्षांत त्यांनी एकाही मुलाचं म्हणणं निव्वळ त्याच्या शब्दावर मानलं नाही. 'देश उभारणाऱ्यांना सगळी माणसं सारखीच वाटत होती' असं कुणी निबंधात लिहिलं, की समासात लाल शाईत एकच शब्द उमटायचा: कशावरून? हा शब्द गावात इतका मुरला होता, की बेकरीवाल्यानं पाव आजचाच आहे म्हणून सांगितलं तरी गिऱ्हाईक हसून 'कशावरून?' विचारायचं.

त्यांची शिकवण साधी होती. आधी दावा मांडा, मग पुरावा द्या, आणि मग तो पुरावा त्या दाव्याला कसा जोडला जातो ते सांगा. "ही जोड नसेल तर तुमच्याकडे एक मत आहे आणि एक कागद आहे," त्या म्हणायच्या, "आणि दोघांची अजून ओळख झालेली नाही."

दर फेब्रुवारीत त्या एकच निबंध लिहायला द्यायच्या. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातलं एक तत्त्व उचला आणि ते आपल्या या खोऱ्यात पाळलं गेलं की नाही, ते पुराव्यानिशी लिहा. लोकांच्या संमतीवाचून सरकारला सत्ता नाही, या तत्त्वाशी आल्या की बाई स्वतःची गोष्ट सांगायच्या. त्या मूळच्या डेन्बीच्या. पूर्वेकडच्या मोठ्या शहराला पाणी हवं होतं, म्हणून जलमंडळानं नदी अडवली आणि एकोणीसशे अडतीस साली डेन्बी गाव कायद्यानं बरखास्त केलं. बाई तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या. घरं पाडली, झाडं तोडली, थडगी उकरून दुसरीकडे नेली, आणि मग पाणी सोडलं. "माझे वडील शेवटपर्यंत भांडले," बाई सांगायच्या. हे वाक्य त्यांनी एकतीस वेळा सांगितलं असेल. 'कशावरून' असं एकाही वर्गानं विचारलं नाही.

अठ्ठ्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत हलिना वोयताश नावाच्या मुलीनं निबंधाचा कच्चा मसुदा आणून दिला. हलिनाचे आईवडील कागदाच्या गिरणीत कामाला होते. त्यांच्या शेजारी मिस ऑर्फा डनम नावाची चौऱ्याऐंशी वर्षांची आंधळी बाई राहायची, आणि शाळा सुटल्यावर हलिना तिला वर्तमानपत्र वाचून दाखवायची. हलिनाचा दावा असा होता: डेन्बीच्या एकाही माणसानं गाव बुडवायला संमती दिली नव्हती. पुरावा म्हणून तिनं लिहिलं होतं: गावसभेची इतिवृत्तं, १९३९ ते १९८७.

बाईंनी साल दोनदा वाचलं. मग हलिनाला थांबवून घेतलं. एकोणचाळीसात डेन्बीवर चाळीस फूट पाणी होतं, तेव्हा सभा कसली, असं त्यांनी विचारलं.

"वही मिस ऑर्फांकडे आहे," हलिना म्हणाली. "तुम्हीच बघा, बाई. मी नुसतं उतरवून घेतलंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी ऑर्फाच्या घरी गेल्या. ऑर्फाचे वडील ईनॉस डनम हे डेन्बीचे चिटणीस. गाव रिकामं करून ते हार्टवेलला आले आणि त्याच हिवाळ्यात वारले. ऑर्फानं चुलीवर कॉफी ठेवली, काकवीची बिस्किटं पुढे केली आणि खिडकीखालच्या पेटीकडे बोट दाखवलं. पेटीत जाड कापडी बांधणीची वही होती, शेजारी शाईची उघडी बाटली आणि टाक.

बाईंनी आधी जुनी पानं पाहिली. ईनॉस डनमचं अक्षर त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. 'डी'चा शेपटा मासेमारीच्या गळासारखा वळवायची त्यांची सवय होती. अडतीस सालच्या एप्रिलमध्ये शेवटची सभा: गाव बरखास्त झालं, सभा संपली. पान उलटलं. मार्च १९३९, पहिला सोमवार. उपस्थित: तीन. तिघांची नावं होती. त्यातलं एक ईनॉस डनम, चिटणीस. पुढे ठराव: खोऱ्यात पाणी सोडण्यास गावानं संमती द्यावी काय? विरोधात तीन. ठराव नामंजूर.

पुढच्या मार्चमध्ये उपस्थित अकरा. मग एकोणीस. दर साली तोच ठराव आणि तोच निकाल, आणि डोकी मात्र वाढत गेलेली. सभेला नव्यानं आलेल्यांची नावं दर साली खाली लिहिलेली होती. बाई ती वाचत गेल्या. यातल्या कितीतरी जणांच्या अंत्यविधीला त्या स्वतः गेल्या होत्या. ज्या साली माणूस गेलं, त्याच्या पुढच्या मार्चमध्ये ते सभेला हजर होतं. सर्व पानांवर अक्षर एकच होतं, आणि शेपटा गळासारखा वळलेला.

"हे कोण लिहितं, मिस ऑर्फा?" बाईंनी विचारलं.

ऑर्फानं बिस्किट कॉफीत बुडवलं. "मला सतरा वर्षं दिसत नाही, पोरी. मी फक्त शाई भरते."

हलिनानं वही स्वतःकडे ओढून सत्तर सालचं पान उघडलं. ते तिनं आधीच पाहिलेलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. उपस्थित एकशे एकसष्ट. विरोधात एकशे साठ. बाजूनं एक: अल्वा क्रॅन्डल. त्यानंतरच्या प्रत्येक साली बाजूनं एकच मत, आणि नाव तेच.

"हे तुमचे कोणी का?" हलिनानं हळूच विचारलं.

अल्वा क्रॅन्डल म्हणजे बाईंचे वडील. एकोणसत्तरच्या ऑक्टोबरात ते गेले होते.

बाईंनी वही मिटली. ही वही पुरावा म्हणून चालणार नाही, असं त्यांनी हलिनाला शांतपणे सांगितलं. लिहिणारा कोण ते ठरत नाही, कधी लिहिलं ते ठरत नाही, तेव्हा दुसरं काही शोध. बोलणं अगदी बरोबर होतं. पण घरी जाताना बाईंच्या मनात टोचत राहिलं, की ते बरोबर होतं तितकंच आपल्या सोयीचंही होतं.

शनिवारी त्या जिल्ह्याच्या गावी दस्तऐवजांच्या कचेरीत गेल्या. डेन्बीचे सगळे व्यवहार एका लाकडी कपाटात होते. जलमंडळाला घर आणि जमीन लिहून देणारा पहिला दस्त एकतीस सालच्या ऑक्टोबरातला निघाला. गावात दुसऱ्या कुणी सही करण्याच्या चार वर्षं आधीचा. खाली वडिलांची सही होती, पेन दाबून केलेली. कचेरीतल्या बाईनं बत्तीस सालचा विरोधाचा अर्जही काढून दिला. तीनशे अठ्ठ्याऐंशी सह्या होत्या त्यावर. बाईंनी त्या बोट फिरवत वाचल्या आणि शेवटाला पोचल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचल्या. क्रॅन्डल नावाची एकही सही नव्हती.

सोमवारी त्यांनी दोन्ही कागदांच्या नकला हलिनाच्या बाकावर ठेवल्या. "तुझा दावा टिकत नाही," त्या म्हणाल्या. "हे घे."

हलिनानं कागद वाचले. मग तिनं विचारलं, "पण त्यांनी असं का केलं?"

"ते यात लिहिलेलं नाही."

मार्चचा पहिला सोमवार सात तारखेला होता. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच बाईंनी कामाच्या दिवशी रजा टाकली. हलिनाच्या आईची परवानगी घेऊन त्यांनी तिलाही सोबत घेतलं. नाही म्हणाल्या असत्या तर ती एकटीच गेली असती, हे त्यांनी ओळखलं होतं. सकाळी दहाला दोघी जलाशयाच्या काठावर उभ्या होत्या. जुना डेन्बी रस्ता इथंच पाण्यात शिरतो. डांबराची पट्टी काठापर्यंत येते आणि बर्फाखाली निघून जाते. धुकं इतकं दाट होतं, की वीस पावलांपलीकडे बर्फ कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. वारा अजिबात नव्हता.

बाईंनी दोन कोरे कागद आणले होते. एक त्यांनी हलिनाला दिला. "जे ऐकू येईल ते लिही. माझ्याकडे बघू नकोस, मला विचारू नकोस."

पहिला पाव तास बर्फ नुसता कण्हत होता. या दिवसांत तो कण्हतोच. मग खालून तीन ठोके आले, लाकडावर लाकूड आपटल्यासारखे. त्यानंतर बाकांवर एकदम पुष्कळ माणसं बसावीत तसा आवाज, मग कुजबुज. ती पायांतून वर चढत होती, बुटांच्या तळव्यांना मुंग्या आल्यासारखी. शब्द कळत नव्हते. मध्येच सगळं शांत झालं, आणि मग एकाच वेळी शेकडो छात्यांतून निघाल्यासारखा एक जाड हुंकार आला. त्यानं काठाचा बर्फ तडकला. हलिना एक पाऊल मागे सरली, पण तिची पेन्सिल चालूच होती.

मग खूप वेळ काहीच नाही. आणि मग अगदी जवळून, पायाशी असावा तसा, एका माणसानं घसा खाकरला. आधी हळूच, मग दोनदा मोठ्यानं. जेवणाच्या टेबलावर बोलायला सुरुवात करण्याआधी बाईंचे वडील असेच खाकरायचे. पुढे एकच आवाज बराच वेळ बोलत राहिला. बाई ओणव्या झाल्या, कान बर्फाला टेकतील इतक्या खाली वाकल्या, पण एक शब्द हाती लागला नाही. शेवटी पुन्हा तीन ठोके पडले आणि धुक्यात कुठेतरी एक कावळा ओरडला.

गाडीत बसून दोघींनी कागदांची अदलाबदल केली. ठोके, बाकं, कुजबुज, हुंकार, सगळं जुळत होतं. हलिनानं शेवटी लिहिलं होतं: 'एक माणूस खोकला आणि सगळे गप्प बसले. तो बोलला. कुणी त्याला मध्ये तोडलं नाही.'

तिथून त्या तडक ऑर्फाकडे गेल्या. ऑर्फा चुलीजवळ लोकर विणत होती. तिची बोटं स्वच्छ होती. बाईंनी ती मुद्दाम निरखून पाहिली. पेटी उघडली, तेव्हा शाईचा ओला वास आला.

७ मार्च १९८८. उपस्थित दोनशे शहाण्णव. नवी नावं पाच. गेल्या मार्चपासून डेन्बीची पाच म्हातारी माणसं गेली होती, हे बाईंना ठाऊक होतं.

ठराव पहिला: काठावर उभ्या असलेल्या दोन बिगरमतदारांना सभा ऐकू द्यावी. मंजूर.

हलिनानं बाईंची बाही घट्ट धरली.

ठराव दुसरा: खोऱ्यात पाणी सोडण्यास संमती द्यावी काय? विरोधात दोनशे पंच्याण्णव. बाजूनं एक. नामंजूर. सभापतींनी श्री. अल्वा क्रॅन्डल यांना खुलासा करण्याची मुभा दिली. त्यांनी खुलासा केला. तो लिहून घेऊ नये, असं सभेनं एकमतानं ठरवलं.

बाईंनी ते वाक्य बोट ठेवून वाचलं. बोट उचललं, तेव्हा टोकाला काळा डाग पडला होता.

"एकमतानं," हलिना म्हणाली. "म्हणजे त्यांनीसुद्धा तसंच मत दिलं."

बाईंनी होकारार्थी मान हलवली. ऑर्फानं विणकाम बाजूला ठेवलं आणि कॉफी कोणाकोणाला हवी, ते विचारलं.

हलिनानं निबंधात त्या वहीचा उल्लेख केला नाही. दस्त आणि अर्ज, दोनच कागद तिनं वापरले. शेवटचं वाक्य असं होतं: 'डेन्बी गावानं संमती दिली नव्हती, एका माणसानं दिली होती, आणि का दिली हे मला सिद्ध करता येत नाही.' बाईंनी त्या कागदावर समासात काही लिहिलं नाही, फक्त खाली गुण दिले. जुनी गोष्ट मात्र त्यांनी पुन्हा कोणत्याही वर्गाला सांगितली नाही. दस्ताची नक्कलच वर्गात फिरवायच्या आणि मुलांना म्हणायच्या, "हे माझे वडील. बोला."

ऑर्फा त्याच उन्हाळ्यात गेली. तिच्या भाच्यांनी घर रिकामं केलं. बाई विचारायला गेल्या, तेव्हा पेटीत गोधड्या निघाल्या. अशी वही तिथं कधी होती, हेच कुणाला माहीत नव्हतं. दोघींनी काठावर लिहिलेले दोन कागद बाईंनी पाकिटात घालून ठेवले, पण वहीशिवाय त्यांना पुरावा म्हणता येत नाही, असं त्या स्वतःच म्हणायच्या.

पुढच्या प्रत्येक मार्चमध्ये त्या सभा ऐकायला काठावर गेल्या. काही साली धुकं नसायचं, काही साली बर्फच नसायचा, तेव्हा कुजबुजही यायची नाही. शहाण्णव सालच्या जानेवारीत त्यांच्या छातीत पाणी झालं आणि त्यांना जिल्ह्याच्या दवाखान्यात ठेवलं. हलिना कॉलेजातून भेटायला आली. सुकून गेलेल्या बाई उशीला टेकून बसल्या होत्या आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईशी जेवणातल्या मटारांवरून वाद घालत होत्या. थोड्या वेळानं त्यांनी आपण होऊनच सभेचा विषय काढला. गाव सुटलं तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या, मतदार नव्हत्या, तेव्हा आपलं नाव यादीत घेतील असं त्यांना वाटत नव्हतं.

"घेतलंच, तर मत कुठे द्याल?" हलिनानं विचारलं.

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. बर्फ पडत होता.

"ते मग बघू," त्या म्हणाल्या. "आधी नुसती मागच्या बाकावर बसेन. वडिलांचं बोलणं मला नीट ऐकायचंय."

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात त्या गेल्या. सभेला तेव्हा सात दिवस राहिले होते.