दाराला कडी लावू नका

लातूरला क्लासच्या रूमवर माझ्याकडं आवाज भरून गाणी बनवायचं खिशात मावणारं मशीन होतं. नकला करायची खोड लई जुनी, फिजिक्सच्या सरांचं खोकणंसुद्धा मी तालात बसवलेलं. त्याच मशीनच्या मेमरी कार्डात आईचा आवाज होता. भूकंप झाल्यापासून, रात्री पळता यावं म्हणून, ती रोज झोपताना ओरडायची, "दाराला कडी लावू नका रे!" गंमत म्हणून मी त्याखाली ढोलकी टाकली होती. मग आई वारली आणि तेवढाच आवाज उरला.

एकदा रूम पार्टनरनं क्लासचे लेक्चर भरायला माझं कार्ड त्याच्या मोबाईलात घातलं. मोबाईलनं विचारलं, फॉरमॅट करू का? ह्यानं 'हो' दाबलं.

कार्ड घेऊन गेलो तर मोबाईलचा दुकानवाला म्हणाला, "वरून लेक्चर भरलेत. आता काय निघत न्हाई."

आईच्या जागी प्रकाशाचं परावर्तन!

पार्टनर रडकुंडीला आला. "तू तर समद्यांचा आवाज काढतोस. तिचाबी काढ की, भावा."

सुट्टीत लोह्याला घरी गेलो तवा पप्पांपुढं आईचा आवाज काढला.

"बंद कर," पप्पा म्हणाले. "ती अशी न्हाई बोलायची."

"मग कशी बोलायची?"

पप्पांनी तोंड उघडलं, पण त्यांनाबी आठवेना.