गरम टायरची हवा

एका दुपारी मी एकोणीस गाड्यांच्या टायरमधली चांगली हवा सोडून दिली आणि वर फोटोसाठी हसले. फोटो पेपरात छापून आला. माझ्या हातात गेज, कपाळावर घाम आणि चेहऱ्यावर अख्ख्या हैदराबादला टायर म्हणजे काय ते शिकवायला निघाल्याचं तेज. आज तो फोटो बघितला की त्या बाईचा कान पिळावासा वाटतो. पण कान माझाच, आणि आता त्याला ऐकूही कमी येतं.

नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं. मी सिकंदराबादेत एका गाड्यांच्या शोरूममध्ये सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर होते, म्हणजे गाडीची तक्रार ऐकून घेणारी आणि ती मेकॅनिकला समजेल अशी लिहून देणारी. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा, वर्कशॉपमधली एकटी बाई, त्यामुळे मिजास दुप्पट. तोवर गाडी मिळाली हेच गिऱ्हाइकाचं नशीब असायचं. आता नवनवी मॉडेलं आली, चढाओढ लागली आणि गिऱ्हाइकाला ‘कस्टमर’ म्हणायचा हुकूम निघाला. कस्टमरला खूश ठेवायला मी एक आयडिया काढली: फ्री टायर चेकअप कॅम्प. महिना मे. वेळ दुपारी बारा ते चार, कारण त्या वेळात वर्कशॉप रिकामं असायचं. यापुढे काही सांगायची गरज नाही, पण सांगते.

ट्रेनिंगहून मी टायरमधली हवा मोजायचं एक डायल गेज आणलं होतं. ते पर्समध्ये लिपस्टिकच्या शेजारी असायचं. लिपस्टिक कधी लावली नाही, गेज मात्र दिवसातून चारदा बाहेर निघायचं. गाडीच्या दारावर आतल्या बाजूला एक स्टिकर असतं, टायरमध्ये किती पौंड हवा हवी ते सांगणारं. आमच्या नव्या मॉडेलला अठ्ठावीस. मी गेज लावायची, जास्त दिसलं की वॉल्व दाबून हवा सोडायची, काटा अठ्ठावीसवर आणायची. सुस्स्स. पुढची गाडी.

दोनच्या सुमाराला इस्माईलभाई आले. नारायणगुड्यात आमच्या उदगीरकडचे एक डॉक्टर होते, त्यांचे हे ड्रायव्हर. अकरा वर्षं त्यांच्याकडे. दवाखान्यामागच्या खोलीत बायको-मुलीसह राहायचे.

“मेडम, अब्बी जहीराबाद से आरा मैं,” ते म्हणाले. “टायर गरम है. सुबू थंडे में देखो ना.”

“स्टिकर पे क्या लिखा है, इस्माईलभाई?”

“अठ्ठाईस.”

“गेज क्या बोलता?”

“चौंतीस. गरम में जादाइच बताता, मेडम.”

“कितने साल से गाडी चलाते आप?”

“अठारा.”

“और ये मॉडेल आके कितने साल हुए?”

ते ओशाळून हसले. “चार महिने.”

मी आजूबाजूला बघितलं. लोक हसले. इस्माईलभाई बाजूला सरकले. चारही टायरची हवा मी सोडली.

आता खरं काय ते ऐका. गाडी पळाली की टायर तापतो, आतली हवा फुगते आणि गेज पाच-सहा पौंड जास्त दाखवतं. ते जास्त नसतं, तसंच असायला हवं. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा. हे त्याच स्टिकरवर, आकड्याच्या खाली, बारीक अक्षरांत छापलेलं होतं. मी मोठी अक्षरं वाचली. रात्री टायर थंड झाले तेव्हा त्यांत बावीसच उरले असणार. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला कुशीवर दबतो, आतून तापतो आणि एक दिवस दगा देतो. गाडी भरलेली असेल तर तो दिवस लवकर येतो.

इथे तो चौथ्या दिवशी आला. डॉक्टर, त्यांच्या पत्नी, आई आणि मुलगा उदगीरला लग्नाला निघाले. डिकी भरून आहेराचं सामान. सदाशिवपेठच्या पुढे मागचा डावा टायर फुटला. इस्माईलभाईंनी गाडी उलटू न देता कडेच्या मातीत उतरवली. तरी डॉक्टरांच्या आईचं मनगट मोडलं. गाडी टो करून आमच्याकडे आली.

आमचे वर्कशॉप मॅनेजर रेड्डी सर. बाईमाणसाला सरसकट अम्मा म्हणायचे. “अम्मा, डॉक्टरसाब बाहर बैठे. रिपोर्ट लिखो. फॉल्ट किसका? टायर का, रोड का, डायवर का?”

टायर रिमवरून उतरवला. आत काळी रबराची भुकटी, बाजूला गोल सुरकुत्या. पुस्तकात दाखवतात तशी कमी हवेची केस. मी खूश झाले. खरंच, खूश झाले. ऐटीत इंग्रजीत रिपोर्ट लिहिला: टायर कमी हवेवर चालवला गेला, प्रवासाआधी हवा तपासलेली नाही. सही केली, खाली रेघ ओढली, बाहेर बसलेल्या डॉक्टरांच्या हातात दिला.

मग कॉपी लावायला डॉक्टरांच्या गाडीची फाइल उघडली. सगळ्यात वर कॅम्पची चेकलिस्ट. वेळ दोन दहा. मागचा डावा: चौतीस होती, अठ्ठावीस केली. अक्षर माझं, सही माझी, रेघही माझीच.

मी रेड्डी सरांच्या केबिनमध्ये गेले. सगळं सांगितलं. त्यांनी चेकलिस्ट दोनदा वाचली.

“डॉक्टरसाब को रिपोर्ट दे दिए?”

“दे दिए.”

“पेपर में फोटो आया ना कॅम्प का?”

“आया.”

“फिर? डायवर को दूसरी नोकरी मिल जाती, अम्मा. शोरूम को दूसरा नाम नहीं मिलता.”

सुपरवायझरच्या जागेसाठी माझं नाव पुढे गेलं होतं. ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. मी मनातल्या मनात बोलले. तेवढं पुरलं.

उरलेल्या अठरा गाड्यांना मात्र मी फोन केले. ‘सेकंड फ्री चेकअप’ असं गोंडस नाव देऊन सकाळी सातला बोलावलं आणि सोडलेली हवा गुपचूप परत भरली. कस्टमर म्हणाले, किती काळजी घेता हो! मी थँक यू म्हटलं.

दोन आठवड्यांनी डॉक्टर गाडी न्यायला आले. नवा ड्रायव्हर बरोबर होता.

“काढलं इस्माईलला,” ते म्हणाले. “जिवावर आलं हो, बाई. अकरा वर्षांचा माणूस. पण आईच्या हाताकडे बघवत नव्हतं, आणि तुमचा रिपोर्ट तर स्पष्टच होता. खोलीची चावी देताना फरशी पुसून गेला. पोरीची शाळाही सुटली असेल इथली.”

मी डिलिव्हरी स्लिप पुढे केली. “इथे सही, डॉक्टर.”

पुढचा आठवडा जेवण गोड लागलं नाही. शेवटी चेकलिस्ट पर्समध्ये घालून मी दवाखान्यात गेले, पेशंटांच्या रांगेत बसले, नंबर आल्यावर कागद टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. रागावतील असं वाटलं होतं. रागावले नाहीत. कागदाची घडी घालून माझ्या हातात परत दिली.

“त्याला शोधा,” म्हणाले. “म्हणावं, डॉक्टरांनी परत बोलावलंय. खोली देतो. पगार वाढवतो.”

रेड्डी सर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. सुपरवायझरची जागा दुसऱ्याला मिळाली. तो माझ्यापेक्षा बरा निघाला, हेही सांगायला हवं.

धंद्यातलं शहाणपण म्हणाल तर एवढंच. हवा सकाळी बघावी, गाडी हलवण्याआधी. गाडी भरून निघणार असाल तर स्टिकरवरची फुल लोडची ओळ बघावी, तिथे आकडा वेगळा असतो. तापलेल्या टायरमधून हवा काढू नये. आणि दुसऱ्याच्या चुकीचा रिपोर्ट लिहिण्याआधी फाइल उघडावी, नंतर नाही. माझ्या नातीच्या गाडीत चारही टायरचं प्रेशर समोरच्या पडद्यावर दिसतं. ती म्हणते, आजी, तुझं हे ज्ञान आता कुणाला नको. शेवटचा मुद्दा अजून पडद्यावर दिसत नाही, एवढं मी तिला सांगून ठेवलंय.

इस्माईलभाई नामपल्लीला सापडले, एका शाळेच्या व्हॅनवर. मुलं उतरवून व्हॅन पुसत होते. मी म्हटलं, चूक माझी होती, मी डॉक्टरांना सगळं सांगितलंय, ते तुम्हाला परत बोलावताहेत. त्यांनी फडका पिळला, आरशावर वाळत घातला आणि म्हणाले:

“निकले उस दिन सुबू पंप पे गाडी लगाया था मैं, हवा भराने कू. साब बोले, इंजिनियर मेडम देखे सो टायर है, चल, लेट होरा. ये बात साब कू मालूम थी, मेडम. आप नहीं बोले तब भी मालूम थी. अब उस घर कू वापस जाके मैं क्या करूं?”