ताई, दाढी कशी आहे?

"ताई, दाढी कशी आहे?" जिन्यात भेटले की डॉक्टर दोन्ही हात पाठीमागे बांधून विचारायचे. दाढेला ते दाढीच म्हणत. मराठी शब्दाला शेवटी ई लावली की झालं, अशी त्यांची ठाम समजूत! बाईमाणसाला दाढी विचारतो म्हणून लखनौच्या तेलीबागची आमची सगळी गल्ली हसायची.

आमचे हे फौजेत, घरी क्वचित. वर मी आणि खालच्या खोलीत हे काबूलचे डॉक्टर. लखनौतच दातांचं शिकले, एका धर्मादाय दवाखान्यात लागले. मग तिकडचं सरकार पडलं, परतायची सोय उरली नाही. इथं आसरा मागितला. राहायला मिळालं, पण पासपोर्ट बाद झाला आणि त्याबरोबर कामाची परवानगीही गेली. दर महिन्याला फाइल घेऊन कचेरीत जायचे. "अगले महीने आइए," ऐकून परत यायचे.

त्यातच माझी दाढ ठणकायला लागली. म्हटलं, "तुम्हीच बघा की, कोण येतंय विचारायला?"

"देखूँगा, ताई. हाथ नहीं लगाऊँगा. चोरी से एक दाँत भी छुआ, तो वह काग़ज़ किस मुँह से माँगूँ?"

"बसा मग कायदा कवटाळून!" मी तणतणत वर गेले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरच मला रिक्षात घालून चौकातल्या एका दंतवैद्याकडे घेऊन गेले. खुर्चीशेजारी हात मागे बांधून उभे राहिले आणि म्हणाले, "अभी कच्चा भर दीजिए. पक्का मैं भरूँगा."

मला माझ्या बोलण्याची लाज वाटली. ते कच्चं सिमेंट दोनदा निघालं, दोनदा कच्चंच भरून घेतलं. तुम्ही म्हणाल, काय हा वेडेपणा! असेना. आम्हा सातारकरांचा हट्ट तो.

दीड वर्षानं एका दुपारी जिन्यातून हाक आली, "ताई! दाढी!" हातात शिक्क्याचा कागद आणि डोळ्यांत पाणी. मीही रडले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दवाखान्यात पहिला नंबर माझा.

"तोंड उघडा," ते शुद्ध मराठीत म्हणाले. कुठून शिकून आले होते देव जाणे. पाठीमागे बांधलेले हात पुढं आले, कच्चं सिमेंट निघालं. त्यांनी चांदी भरली.

पुढं ते भावाकडे परदेशी गेले. आम्हीही साताऱ्याला परतलो. परवा इथली दातांची डॉक्टरीण आत डोकावून म्हणाली, "काकू, ही दाढ कुणी भरली हो? इतक्या वर्षांत चांदी जरासुद्धा हललेली नाही."

तोंड उघडं, सांगणार कशी? मनातच म्हटलं, डॉक्टर, दाढी छान आहे हो!