किरायाच्या खोलीतला घट

बीडमध्ये किरायाची खोली बघायला गेलं की आधी स्वतःलाच दाखवून घ्यावं लागतं. गाव कोणतं, आडनाव काय, माणसं किती, पाहुणे किती येतात, घरात मटण होतं का. एवढं झाल्यावर मालक किल्ली शोधायला आत जातो, आणि किल्ली सापडेपर्यंत किराया पाचशेनं वाढलेला असतो. पोरीला अकरावीला नीटच्या क्लासला घातलं तेव्हा मी अशा नऊ दारांत उभी राहिले. तेव्हापासून कुणी गोड बोललं की मला आधी संशय येतो, मग त्या माणसाचं तोंड दिसतं.

आमचं गाव लिंबागणेशच्या पुढं. क्लास सकाळी सातला सुरू व्हायचा, अभ्यासिका रात्री आठला बंद, आणि एसटीच्या वेळा काही आमच्या पोरीला विचारून ठरलेल्या नाहीत. म्हणून मी तिच्यासोबत खोली करून राहिले. आमचे हे आणि सासूबाई गावाकडं राहिले. क्लासच्या गल्ल्यांमध्ये माझ्यासारख्या आया पुष्कळ होत्या. एक गॅस, दोन गाद्या, लेकराचा डबा आणि घरमालकाचा राग, एवढ्यात त्यांचा दिवस जायचा.

पहिली खोली क्लासच्या मागेच होती. चार महिन्यांत मालकानं बाहेर काढलं, कारण त्याच्या लक्षात आलं की त्याच खोलीत चार कॉट टाकल्या तर चार पोरांचे चार किराये येतात. "ताई, तुमी दोघी मला परवडंना," तो म्हणाला, तेही हसत हसत. पोरीची सहामाही तोंडावर होती. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आम्ही सामान ऑटोत कोंबून बिंदुसरा नदीच्या पलीकडं आलो. त्या परीक्षेत पोरगी जी मागं पडली, तिला पुन्हा वर यायला उन्हाळा उजाडला. मी तेव्हाच ठरवलं की आता तिची बारावी आणि नीट होईपर्यंत ही नवी खोली सोडायची नाही. मग कुणाचा वाईटपणा आला तरी चालेल.

नवी मालकीणबाई साठीच्या पुढची, विधवा, वरच्या मजल्यावर एकटी राहायची. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी यायचं, त्यामुळं खोलीत माणसं किती यावर तिचा कडक पहारा. रोज खाली उतरली की उंबऱ्याजवळच्या चपला मोजायची. दोनाच्या तीन जोड झाले की लगेच विचारायची, "कोण आलंय?" खोली देतानाच तिनं एक अट घातली होती. अकरा महिने झाले की खोली एक दिवस आणि एक रात्र मोकळी करायची. सामान गॅलरीत, कुलूप तिचं. दुसऱ्या दिवशी नवा कागद, नवा किराया, मग आत यायचं. तिच्या मालकांच्या हयातीत एक किरायदार ठाण मांडून बसला होता. तो कोर्टात गेला आणि खोली सुटायच्या आधी मालकच गेले. दुधानं तोंड पोळलेली बाई, ताक फुंकून पिणारच. मला खोलीची घाई होती, मी मान डोलावली.

पुढच्या वर्षी गणपती उठले आणि एके दिवशी मी धुणं वाळत घालत असताना मालकीणबाई एका जोडप्याला घेऊन आली. त्यांनी खोली बघितली. त्यातला बाप्या दारापासून ओट्यापर्यंत पावलं टाकून गेला. चार दिवसांनी दुसरेच कुणी आले, त्यांच्याकडं तर टेप होता.

"कोण होते?" मी विचारलं.

"काय न्हाई, असंच वळखीचे," ती म्हणाली आणि जिना चढून गेली.

त्याच संध्याकाळी तिनं वाटीभर शेंगदाण्याची चटणी पाठवली. इतक्या महिन्यांत त्या घरातून आमच्याकडं कधी हिरवी मिरचीसुद्धा आली नव्हती. माझ्या मनात पाल चुकचुकली. पोरीनं ती चटणी भाकरीला लावून मिटक्या मारत खाल्ली, मी मात्र कोरडी भाकरी खाल्ली. अकरा महिने भरायला आता थोडेच दिवस राहिले होते. एकदा सामान गॅलरीत गेलं आणि कुलूप तिचं लागलं की दुसऱ्या दिवशी ते आमच्यासाठी उघडेल याची काय खात्री? टेपवाला उगाच भिंती मोजून गेला नव्हता.

"आई, सरळ विचार ना त्यांना," पोरगी म्हणाली.

"विचारल्यावर कुणी खरं सांगतं का?"

"मग विचारायचंच नाही?"

तिला मी अभ्यासाला बसवलं. अठराव्या वर्षी असं बोलणं सोपं असतं.

क्लासच्या गेटवर आम्ही आया थांबायचो. तिथं एकीनं मला गाठून सांगितलं, "बारावा महिना लागू दे. बारावा लागला की किरायदाराला कुणाचा बाप काढू शकत न्हाई. कायदाच हाय तसा." तो कायदा तिला कुणी सांगितला हे मी विचारलं नाही. भाजीवाल्याचा काटा दोनदा तपासणारी मी, तिच्यावर मात्र लगेच विश्वास ठेवला, कारण मला तेच ऐकायचं होतं. म्हणजे आता तो एक दिवस टाळायचा होता. बोलाचालीनं टळणार नव्हता.

कालनिर्णय बघताना माझ्या ध्यानात आलं की आमचे अकरा महिने नेमके नवरात्रात, चौथ्या माळेला भरत होते. आणि एकदा घट बसला की दसऱ्यापर्यंत तो जागचा हलवायचा नसतो. अखंड दिवा, रोज एक माळ, घराला कुलूप लावायचं नाही. मालकीणबाई किती का खमकी असेना, घटाला हात लावायची तिची छाती झाली नसती. मला तेव्हा स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं होतं, हे कबूल करते.

एकच गोष्ट टोचत होती. आमच्याकडं एका चुलीचा एकच घट. गावाकडं तो सासूबाई बसवतात. माझ्या चुलत सासऱ्यांची वाटणी झाली, त्या साली त्यांच्या घरात पहिल्यांदा वेगळा घट बसला, आणि घट बसला म्हणूनच गावाला कळलं की वाटणी झाली. किरायाच्या खोलीत तर कुणीच घट बसवत नाही. पण मी मनाला समजावलं की हा देवीचा घट नाही, खोलीचा आहे.

मी ह्यांना फोन लावला. "वावरातली थोडी काळी माती आणि सात धान्य घेऊन या. इथं घट बसवायचाय."

"कावून?"

मी सगळं सांगितलं. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आईला काय सांगू?"

"जे आहे ते सांगा. खोलीसाठी आहे म्हणावं."

दुसऱ्या दिवशी हे एसटीनं आले. पिशवीत माती होती आणि फडक्याच्या गाठीत धान्य.

"आत्याबाई काय म्हणल्या?" मी सासूबाईंचं विचारलं.

"काय न्हाई म्हणली. माती तिनंच चाळून दिली."

सासूबाई बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. न बोलता चाळलेल्या त्या मातीत मी बराच वेळ हात फिरवत बसले. खडासुद्धा सापडला नाही. मला वाटलं, आता राग दसऱ्याला चार माणसांत काढतील, तोवर साठवून ठेवतायत.

घट बसला. चौथ्या माळेला सकाळीच मालकीणबाई हातात मोठं कुलूप घेऊन उतरली. दारात आली आणि जागेवरच थांबली. कोपऱ्यात पाटावर घट, मातीतून वर आलेले कोंब, वर चार माळा आणि तेवत असलेला दिवा. तिनं आधी कुलूप पदराआड केलं, मग हात जोडले. मग माझ्याकडं बघितलं.

"हे कुणी शिकवलं तुमाला?"

"शिकवायचं काय त्यात? आमच्यात बसवतात."

"मागच्या साली कुठं बसवला व्हता?"

मी समईतली वात पुढं सारायला लागले. ती कुलूप घेऊन परत जिना चढून गेली. मी जिंकले होते.

त्यानंतर ती रोज संध्याकाळी आरतीला यायची. एकदा स्वतः झेंडूची माळ ओवून आणली. देवीकडं ती कमीच बघायची. तिचं लक्ष भिंतींकडं असायचं, नवीन खिळा ठोकलाय का, नवीन भांडं आलंय का. मी तिच्या कमरेच्या किल्ल्यांकडं बघायचे. आरती मात्र दोघी मोठ्यानं म्हणायचो. गावाकडून सासूबाईंचा नऊ दिवसांत एकही फोन आला नाही.

दसऱ्याला सकाळी सासूबाई आल्या. एकट्या, एसटीनं, काखेत बोचकं. पाय धुतले, घटासमोर बसल्या आणि कोंबांवरून हलका हात फिरवला. घटातलं धन चांगलं वीतभर वर आलं होतं.

"बेस आलंय," त्या म्हणाल्या.

मी चहा टाकला आणि मनाची तयारी केली. आता सुरू होईल. शेवटी माझ्याच्यानं राहवलं नाही. "आत्याबाई, तिकडचा घट कुणाच्या हवाली केला? आज उठवायचा ना?"

"तिकडं बसवलाच न्हाई."

मला कळेना. त्या घटाकडंच बघत होत्या.

"एका चुलीचे दोन घट दिसले असते तर गाव म्हणलं असतं, सून वायली निघाली. म्हून म्हणलं, औंदा घट बीडाला गेला तर जाऊ दे. पोरीचं शिक्षान हाय. दोन घट नकोत."

मी सासरी आल्यापासून गावाकडच्या देव्हाऱ्यापुढची जागा नवरात्रात कधी रिकामी राहिली नव्हती. मी नऊ दिवस या बाईचे टोमणे मनातल्या मनात ऐकले होते, त्यांना उत्तरं दिली होती, एक-दोनदा तर भांडलेही होते. मला माझी लाज वाटली. पाया पडावं असं मनात आलं, पण मी कप विसळत बसले.

घट त्यांनी त्यांच्या हातानं उठवला. तेवढ्यात मालकीणबाई आली. तिनं तीन जोड चपला बघितल्या, पण विचारलं नाही. हातात स्टॅम्प पेपर होता.

"घट उठला ना? मग बोलू आता," ती म्हणाली. "मी दोघा-तिघांना खोली दाखवली, ती चालू भाव काय हाय ते कळावं म्हून. मला भाव सांगायला दुसरं कोण हाय? लोक दीड हजार वाढवून द्यायला तयार व्हते. मी तुमाला पाचशेच म्हणणार व्हते. पोरीची बारावी हाय, मला काय काळीज न्हाई? मोकळी बी एकच रात्र करायला लावली असती, रिवाज म्हून. पर तुमी माझ्या घरात देवी आडवी घातली."

तिचं बोलणं खरं असावं असं वाटत होतं आणि तसं वाटणंच मला नको होतं.

तिनं कागद पुढं केला. मी तो दोनदा वाचला. किराया पाचशेनं वाढणार. मे संपेपर्यंत खोली मोकळी करायची नाही. पाहुणा एका रात्रीच्या वर नाही. आणि शेवटी, किरायदार या खोलीत घट किंवा कोणत्याही देवाची स्थापना करणार नाही, तशी केली तर त्याच दिवशी खोली सोडील, आणि यंदाचा घट हा फक्त खोली अडवण्यासाठी बसवला होता हे कबूल करते.

मला मे मिळाला होता. मी सही केली. मालकीणबाईनं शाई सुकेपर्यंत कागदावर फुंकर मारली, एक प्रत मला दिली आणि गेली.

"काय लिवलंय गं?" सासूबाईंनी विचारलं. त्यांना वाचता येत नाही.

"काय नाही, आत्याबाई. किराया वाढलाय, एवढंच."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग माझ्या हातातून कागद घेतला आणि पुस्तक मिटून बसलेल्या नातीपुढं धरला.

"तू वाच गं बाय."

पोरीनं एकदा माझ्याकडं बघितलं. मी डोळ्यांनी खुणावलं. तिनं खाली मान घातली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. एकही ओळ गाळली नाही. शेवटच्या अटीला आवाज बारीक झाला, पण तिनं ती पुरी केली.

सासूबाई घटाची माती फडक्यात बांधत होत्या. गाठ मारून झाल्यावर म्हणाल्या, "बया, तुझ्या घटासाठी मी माझा घट ऱ्हाऊ दिला. मग माझ्यापासून कावून लपवलंस?"

दुपारच्या एसटीनं त्या गेल्या. खोली मेपर्यंत टिकली, बारावी झाली, नीटही झाली. गावी गेले की आत्याबाई माझ्याशी पूर्वीसारख्याच बोलतात, जेवायला वाढतात, आजारपणात उशाशी बसतात. फक्त मी काही सांगितलं की आधी नातीकडं बघतात.