संगीच्या बोर्डाचं बटन

ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या. मधे हसलेलं मला चालत नाही. खरं तर ही गोष्ट मी सांगणार नव्हतो. पण हनीफ रिवाइंडिंगवाला वाटूरच्या फाट्यावर ती रोज सांगतो आणि दरवेळी तिखटमीठ वाढवतो. चूक माझी, तर सांगणारही मीच.

माझं शिक्षण चौथी. पण डिझेल इंजिनाचं नाव काढा आणि आष्टीपासून तीर्थपुरीपर्यंत कुणालाही विचारा. चाळीस वर्षं दुकान चालवलं. दुकानाच्या भिंतीवर ऑइलपेंटनं एकच ओळ लिहिली होती: ‘बंद पडलेलं इंजिन माझ्या आधी कुणी फिरवू नये.’

का? कारण इंजिन जसं थांबलं तसंच बघितलं तर दुखणं कळतं. पण गावात हुशार कमी आहेत का? कुणीतरी हँडल मारतो, इंजिन चार ठोके देतं, लक्षण जातं, आणि मग हे शहाणे मला बोलवायला येतात. मी विचारायचो, "आता दुखणं कुठं बघू? तुमच्या कपाळावर?" मोठमोठे बागाईतदार मान खाली घालून ऐकून घ्यायचे.

ही ओळ ध्यानात ठेवा. मी ठेवली नाही.

माझी धाकटी लेक संगीता पुण्याला कंपनीत आहे. सातव्या महिन्यात माहेरी आली, बाळंतपणाला. सोबत एक लॅपटॉप, आणि एका डबीत पत्त्याच्या पानाएवढं हिरवं बोर्ड. सुट्टी लागायला अजून दीड-दोन आठवडे होते. तोवर घरूनच काम.

"काय काम हाय गं हे?" मी विचारलं.

"डीबगर बसवायचाय, दादा. म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामची चूक धरून दाखवणारा प्रोग्राम. चालता प्रोग्राम मधेच थांबवायचा, आत डोकवायचं, मंग एकेक पाऊल पुढं चालवायचं."

"मंग बसव. त्यात काय?"

"तो साध्या कॉम्प्युटरसाठी बनवलेला हाय. ह्या बोर्डाची चिप वेगळी, वरची ऑपरेटिंग सिस्टिम वेगळी. चिपच्या आत कप्पे असतात, कोणत्या कप्प्यात काय ठेवलंय हेच त्याला कळत न्हाई."

"म्हणजे इंची पाने घेऊन मिलिमीटरचे नट खोलू राह्यली तू."

पोरगी बघतच राहिली. "बराबर, दादा! आमच्या सायबानं हेच सांगायला दोन तास घेतले!"

इथंच घात झाला. एकदा बराबर म्हटलं की माणूस पुढचं ऐकत नाही. ती पुढं बरंच बोलली. एक चूक राहिलीय, पाच-सहा तास बोर्ड चाललं की एकदाच होते, ती सुट्टीच्या आधी धरायचीय, नाही तर काम दुसऱ्याकडं जाईल. हे एवढं मी ऐकलं. बाकी माझ्या डोक्यावरून गेलं. शेवटी ती म्हणाली, "आणि ह्या बोर्डाला हात लावू नका."

हे सांगणं घरातल्या बाकीच्यांसाठी आहे, असं मी धरलं. मिस्त्रीला कोण सांगतं, मशीनला हात लावू नको म्हणून?

आता पुढं काय झालं ऐका.

सकाळी नऊला ती बोर्ड सुरू करायची, संध्याकाळी सहाला बंद. हिरवा दिवा लुकलुक करायचा. दुपारी जेवून पोरगी आडवी व्हायची, डॉक्टरनं सांगितलेलं. दुसऱ्याच दिवशी अडीच-तीनच्या सुमाराला मी पाणी प्यायला उठलो, तर हिरवा दिवा गायब. लाल दिवा, तोही लुकलुक न करता ठार उभा.

लाल दिवा म्हणजे काय हे मला कोण शिकवणार? विहिरीवरचा स्टार्टर ट्रिप होतो तेव्हा काय होतं? मशीन बसली! आणि हिची मशीन बसलीय, ही घोरतीय. ही म्हणे इंजिनिअर! पंधरा वर्षं शिकली आणि मशीन बंद पडलेली कळत नाही.

बोर्डावर तुरीच्या दाण्याएवढं एक बटन होतं. अंगठ्यानं दाबलं. लाल दिवा गेला, हिरवा लुकलुकायला लागला. काम खतम! चौथी पास माणसानं एका अंगठ्यात पुण्याची कंपनी चालू करून दिली.

सांगितलं का कुणाला? बिलकुल नाही. चांगलं काम करून ओरडत फिरायची माझी पद्धत नाही. शिवाय बघायचं होतं, पोरीच्या ध्यानात यायला किती दिवस लागतात.

तिसऱ्या दिवशी परत लाल. परत अंगठा. चौथ्या दिवशी तेच. मी आता पाणी प्यायचं निमित्तही सोडून दिलं. अडीच वाजले की खुर्ची ओढून बसायचो. लाल झाला की दाबायचो.

इकडं संगीचं तोंड उतरत चाललं. "दादा, पुण्यात सगळ्यांच्या बोर्डावर ती चूक येती. पण तिथं बोर्डं थोडी, एकावर चार जण, निवांत आत बघायला सवड न्हाई. आणि माझ्याकडं माझं एकटीचं बोर्ड, तर चूक येतच न्हाई. उलट बोर्ड मधेच बंद होऊन आपोआप परत सुरू होतंय."

"लाइट," मी म्हणालो. "आपल्याकडची लाइट तशीच. जल्दी जल्दी जाती येती."

"इन्व्हर्टरवर लावलंय की, दादा."

"मंग अर्थिंग!"

मी हे ठणकावून म्हणालो, आणि मला ते खरंही वाटत होतं. बंद पडणं हे दुखणं, आणि अंगठा हा उपाय. उपायाचा कुणी संशय घेतो का?

हनीफला बोलावलं. हा माझा जुना सोबती, मोटारी रिवाइंड करण्यात हयात गेली त्याची. अंगणात तुळशीच्या पलीकडं कमरेएवढा खड्डा खणला. कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी. मी वरून खुर्ची टाकून बसलो.

"मीठ कमी पडून राह्यलं, हनीफ."

"मिस्त्री, लोणचं घालू राह्यलो का मी?"

"तुला जमत नसंल तर सांग."

"मेरेको जमत न्हाई? परतूरच्या कापसाच्या जिनिंगचं अर्थिंग कुणी केलं?"

"म्हणूनच ती जिनिंग बंद पडली."

हनीफनं फावडं तिथंच टाकलं आणि गेला. खड्डा मग मीच बुजवला. माझी बायको कौसल्या रोज त्यावर बादलीभर पाणी ओतायला लागली. आणि दुसऱ्या दिवशी, अडीच वाजता, लाल दिवा!

"बघितलंस?" मी कौसल्येला म्हणालो. "हनीफचं काम! सगळं कुचकामी."

"आवो, तुम्ही रोज इथंच बसून काय करू राह्यले?"

"राखण," मी म्हणालो.

पुण्याच्या साहेबाचं डोकं तर माझ्याहून पुढं गेलं. त्यानं ठरवलं, खेड्यातल्या उकाड्यात ती चूक येत नसावी. तिथल्या लोकांनी एसी बंद करून, खिडक्या लावून, घाम गाळत बोर्डं चालवली. एवढे पगार, एवढ्या काचेच्या इमारती, आणि अक्कल बघा! मी हे ऐकून दोन दिवस हसत होतो.

मंगळवारी मात्र संगी स्वयंपाकघरात आईजवळ बसून रडली. मी बाहेरच्या ओट्यावरून ऐकलं.

"शुक्रवारी माझी मुदत संपती, आई. चूक सापडली न्हाई तर काम दुसऱ्याला देणार. वर्षभर मी घासलं, आणि नाव लागणार त्याचं. परत आल्यावर मला कोण इचारतंय?"

मला वाईट वाटलं. मी काय करू शकत होतो? जेवढं करत होतो तेवढंच, जास्त मन लावून. बुधवारी मी दुपारी झोपलोच नाही. दोन वाजल्यापासून डोळ्यात तेल घालून बसलो. दोन चाळीसला लाल झाला, आणि दोन एक्केचाळीसच्या आत मी बटन दाबलं. पोरीचं एक मिनिटसुद्धा वाया जाऊ दिलं नाही!

चारला चहाच्या वेळी हनीफ आला. रुसला होता, पण आमच्या घरच्या चहावर नाही. संगीही उठून आली आणि लॅपटॉप पुढ्यात घेतला.

"दादा, आज कळंल कशामुळं बंद पडतंय ते. चिपमध्ये एक कप्पा असा असतो, की ती मागच्या वेळी कशामुळं आणि कधी नव्यानं सुरू झाली ते त्यात लिहिलेलं राहतं. बाकी सगळं पुसलं तरी तेवढं राहतं. माझ्या डीबगरला तो कप्पा वाचता येत नव्हता. सकाळी शिकवला."

"म्हणजे मशीन आपला पंचनामा आपणच लिहिती?" मी हनीफकडं बघून हसलो. "लिही म्हणावं. अर्थिंगवाल्याचं नाव लिही."

संगीनं दोन-चार कळा दाबल्या. वाचलं. परत वाचलं.

"लाइट गेली न्हाई," ती म्हणाली. "अर्थिंग चांगलं हाय."

हनीफनं कप खाली ठेवला आणि छाती पुढं काढली.

"बटन दाबलंय. हातानं. दोन वाजून चाळीस मिनिटांनी."

घरात माणसं किती? कौसल्या मिक्सरचं बटनसुद्धा शॉकच्या भीतीनं लाटण्यानं दाबते. हनीफ रुसून घरी होता. संगी झोपली होती. तिघंही माझ्याकडं बघायला लागली.

"हां, दाबलं," मी म्हणालो. "रोज दाबतो. लाल होऊन बंद पडू राह्यलं, मी सुरू करून देतो. मी हाय म्हणून तुझी कंपनी चालू हाय!"

संगीनं लॅपटॉप बाजूला सारला. मग तिनं विचारलं, "रोज लाल होत होतं?"

"रोज."

"दादा, तो लाल दिवा मीच लावलाय. ती चूक झाली की बोर्डानं हाय तिथंच थांबावं, म्हणजे मला आत बघता येईल. मी त्याचीच तर वाट बघून राह्यले आठ दिवसांपासून!"

"मंग सांगायचं न्हाई का?"

"पहिल्याच दिवशी सांगितलं. तुम्ही इंची पाने, इंची पाने करत बसले." तिनं डोळे पुसले. हसत होती की रडत होती, देव जाणे. "आता दुखणं कुठं बघू, दादा? तुमच्या कपाळावर?"

हनीफ एवढा हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. मी उठलो आणि शेतात गेलो. शेतात काही काम नव्हतं.

गुरुवारी मला परत त्याच खुर्चीवर बसवलं. फरक एवढाच, की दोन्ही हात मांडीखाली. संगीनं सांगितलं तसं. तीनला लाल झाला. अंगठा असा शिवशिवला म्हणून सांगू! पण मी फक्त ओरडलो, "संगे, थांबलं! जसंच्या तसं हाय!"

ती आली. तासभर कप्पे चाळत बसली. मग टाळी वाजवली. ऑपरेटिंग सिस्टिम घाईच्या वेळी दोन कप्पे उलटसुलट मांडत होती, आणि डीबगर बिचारा एकाचं दुसऱ्याच्या नावावर वाचत होता. एवढंच. रात्रीच्या जेवणाआधी दुरुस्त झालं. शुक्रवारी काम पुण्याला गेलं, संगीच्या नावानं गेलं.

संध्याकाळी तिच्या साहेबाचा व्हिडिओ कॉल आला. मागं दहा-बारा पोरं, सगळी दात काढत होती.

"काका, नमस्कार," साहेब म्हणाला. "तुम्हाला बघायचं होतं."

"का बरं?" मी विचारलं.

संगीनं जीभ चावली. बुधवारी रागाच्या भरात तिनं डीबगरमध्ये एक ओळ लिहिली होती, आणि काढायची राहून गेली. आता पुण्यात कुणीही तसल्या बोर्डाचं बटन दाबलं की पडद्यावर मोठ्या अक्षरांत येतं: ‘दादांनी दाबलं.’

साहेबानं ती ओळ तशीच ठेवलीय. नव्या पोरांना पहिल्या दिवशी दाखवतात म्हणे.

चाळीस वर्षं इंजिनं दुरुस्त केली, एकावरही माझं नाव नाही. नाव लागलं ते ह्या कामाला.